आगेऱ्याची चिठ्ठी

बोरीवली स्टेशनबाहेर दसऱ्याच्या आधी झेंडूचे ढीग लागतात. ढिगांच्या कडेला आपट्याच्या डहाळ्या आणि त्यांच्याही पलीकडे, ओल्या गोणपाटावर, भाताच्या लोंब्यांच्या जुड्या. लोक तोरणात ओवायला दोन-चार लोंब्या नेतात. मी यंदा पंचवीस जुड्या मागितल्या तेव्हा फुलवालीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कुठल्या मंडळाचं तोरण आहे म्हणून विचारलं. देवळाचं, म्हटलं. ती खूश झाली आणि आपट्याची मूठभर पानं वर घातली. आमचं देऊळ म्हणजे चर्च, आमच्यात सोनं वाटत नाहीत, हे सगळं समजावायचा कंटाळा आला, म्हणून तीही पिशवीत टाकली.

आदल्या दिवशी पपाचा फोन आला होता. पपा फोनवर पाच वाक्यांच्या वर बोलत नाही. यंदा आपल्या आळीत कुणीच भात लावलेलं नाही, आपलं शेतही पडीक, गुडघे चालत नाहीत, रविवारी आगेरा आहे, बोरीवलीत लोंब्या मिळतात का बघ. पाच झाली आणि त्याने फोन ठेवला.

आगेरा हा आमचा नव्या भाताचा सण. गोराईतली आम्ही ख्रिस्ती माणसं पहिल्या कापणीची पेंढी वाजतगाजत देवळात नेतो, फादर तिला आशीर्वाद देतात, मग घरोघरी लोंब्या वाटल्या जातात. घरी गेल्यावर त्यातले दाणे सोलून नारळाच्या दुधातल्या खिरीत टाकायचे. असा हा सण, आणि आता त्याची पेंढी दसऱ्याच्या बाजारातून येणार. देवाला काय, तो बिचारा कुठलंही भात गोड मानून घेईल. मला मात्र रिक्षात बसल्यावर त्या पिशवीचं तोंड बांधून टाकावंसं वाटलं.

कारण तो वास. पिकलेल्या भाताला एक गोडसर, किंचित धुळकट वास असतो. त्यात आमच्या खाडीचा चिखल, वाळत घातलेले बोंबील आणि ऑक्टोबरच्या उन्हात तापलेला पेंढा मिसळला की माझ्या डोळ्यांसमोर एकच हंगाम उभा राहतो. अकरा वर्षं झाली. त्या हंगामात दोघांनी मला दगा दिला. एक देव आणि दुसरी रोझीमावशी. जास्त राग कुणाचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

देवाचं आधी सांगते. मी चौदा वर्षांची असताना पपाच्या शेतात कापणी चालली होती. पपाचा खरा धंदा होड्या दुरुस्त करायचा, सुतारकी, पण शेताचा एक तुकडा होता आणि कापणीला सगळं घर वाकायचं. विळा हातात धरून मी सरळ उभी राहिले आणि मला कळलं की मी सिस्टर होणार. आवाज वगैरे काही ऐकू आला नाही. भूक लागली की कळतं, तसं कळलं. मी तिथल्या तिथे पपाला सांगून टाकलं. त्याने कानावरची पेन्सिल काढली, उगाच तिच्याकडे पाहिलं आणि परत कानावर ठेवली.

सुतारांची ती चपटी, जाड पेन्सिल. पपाच्या कानावर ती इतकी कायमची असते की ती नसली तर आम्हाला त्याचा चेहरा अपुरा वाटतो. त्याच पेन्सिलीने आखून त्याने मी मठात निघाले तेव्हा माझ्यासाठी सागाची पेटी केली. झाकणावर क्रूस कोरला, आणि बाजूला भाताची एक लोंबी. आख्खी आळी जेवली त्या दिवशी. बँड होता. मला हार घातला, पपालाही घातला, आणि फेरीबोट सुटताना पपा जेट्टीवर इतका ताठ उभा होता की त्याची मान आखडेल असं वाटत होतं. पुढे अडीच वर्षं तो ज्याला त्याला सांगत होता की आपली पोर देवाच्या कामाला गेली.

अडीच वर्षांनी एका दुपारी आमच्या प्रमुख सिस्टरनी मला खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाल्या की तुला हे बोलावणं नाही. मी मनाने चांगली होते, कामाला वाघ होते, पण मी वाद घालत होते, प्रश्न विचारत होते, चारजणींत मिसळत नव्हते. हे सगळं खरंच होतं. बाई वाईट नव्हती, तिने माझ्या डोक्यावर हातही ठेवला. पण मला वाटलं, कुणी आपल्याला आग्रहाने जेवायला बोलवावं, आपण नवे कपडे घालून जावं आणि त्यांनी आतून कडी घालावी. मला बोलावणं नव्हतं, तर मग चौदाव्या वर्षी शेतात कोण बोललं होतं माझ्याशी? हा प्रश्न मी तेव्हापासून विचारते आहे. समोरचा कधी वाद घालत नाही, हीच पंचाईत आहे.

मी परतले ती नेमकी आगेऱ्याच्या आठ दिवस आधी. फेरीबोटीतून पेटी उतरवली आणि जेट्टीवर उभी राहिले. पेटी घेऊन घरी जाणं शक्यच नव्हतं. सुट्टीवर आलेली मुलगी पेटी घेऊन येत नाही, पिशवी घेऊन येते. पपाने ती पेटी दारात पाहिली असती तर संपलंच असतं. आणि त्या वर्षीची मानाची पेंढी आमच्या घरची होती. आळीआळीने तो मान फिरतो, आमच्याकडे तो कित्येक वर्षांनी आला होता आणि पेंढी देवळात न्यायची पपाने. मी ठरवलं, त्याचा एवढा दिवस होऊ दे. सणाच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याला सगळं सांगेन. माझ्याच तोंडून त्याला कळायला हवं होतं. त्या आठ दिवसांत मला बाकी कशाचीच पर्वा नव्हती.

जेट्टीजवळचं पहिलं घर रोझीमावशीचं. आईची चुलत बहीण आणि माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळची माझी धर्ममाता. म्हणजे देवासमोर माझी जबाबदारी घेतलेली बाई. तिने पेटी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पेटीचं एक टोक उचललं. आम्ही दोघींनी मिळून ती तिच्या पलंगाखाली सारली. मग मी रडले, सगळं सांगितलं आणि आगेरा होईपर्यंत कुणाला बोलू नको म्हणून तिच्याकडून शब्द घेतला. तिने गळ्यातल्या क्रूसाला हात लावून शब्द दिला. घरी मी नुसती पिशवी घेऊन, सुट्टीवर आले म्हणून गेले.

आता एक सांगायला हवं. आमच्या देवळात दाराशी एक पत्र्याचा डबा आहे. ज्याला कुणासाठी प्रार्थना करून घ्यायची असेल त्याने चिठ्ठी लिहून त्यात टाकायची. कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा, कुणाची बोट समुद्रावर गेलेली. रविवारच्या मिस्सात, म्हणजे देवळातल्या उपासनेत, प्रवचन झालं की त्या चिठ्ठ्या वाचतात आणि प्रत्येक चिठ्ठीनंतर सगळं देऊळ एका सुरात म्हणतं, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. त्या डब्याची किल्ली रोझीमावशीकडे असायची. ती चिठ्ठ्या काढायची, नीट अक्षरात एका कागदावर उतरवायची आणि वाचणाऱ्याला द्यायची. आमच्याकडे बातमी पसरते ती चहाच्या टपरीवर नाही, या डब्यातून. आणि पसरवणाऱ्याला आपण चहाडी केली असं कधी वाटत नाही. उलट पुण्य केल्यासारखं वाटतं.

त्या आठ दिवसांत पपा लहान मुलासारखा झाला होता. रोज शेतात जाऊन लोंब्या निवडायचा. कुठल्या वाफ्यातल्या घ्यायच्या, पेंढी केवढी बांधायची, दोरा लाल की पांढरा, हे मला विचारायचा, कारण मी देवाच्या घरून आलेली. मी लाल म्हटलं. जेवताना तो मठाबद्दल विचारायचा आणि मी, काय सांगू, बेधडक खोटं बोलायचे. पहाटेची प्रार्थना, बागेतलं काम, पुढल्या वर्षीची व्रतं, सगळं रंगवून. आई ताट वाढताना माझ्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. आयांना कळतं. पण तिनेही पपाचा दिवस होऊ द्यायचं ठरवलं असावं.

रविवारी देऊळ खचाखच भरलं होतं. केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, बायकांच्या जुन्या चौकड्यांच्या साड्या. पपा माझ्या शेजारी, मांडीवर पेंढी, कोऱ्या शर्टात. प्रवचन झालं. चिठ्ठ्या वाचायला शाळेतली नवीन बाई उभी राहिली, तिला गावातलं कुणीच माहीत नव्हतं. पाऊसपाण्यासाठी, आजाऱ्यांसाठी, मग तिने त्याच सुरात वाचलं की अंतोनची मुलगी लीना मठ सोडून घरी परत आली आहे, तिच्या मनाला शांती मिळावी म्हणून आपण प्रार्थना करूया.

आणि सगळं देऊळ म्हणालं, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.

पपाला कमी ऐकू येतं. आयुष्यभर होड्यांवर ठोकाठोकी केल्यामुळे. म्हणून देवळात सगळ्यांचं म्हणून झालं की अर्ध्या श्वासाने मागून त्याचं एकट्याचं ‘ऐक’ येतं. लहानपणी आम्ही त्याला हसायचो. त्या दिवशी मला क्षणभर आशा वाटली की त्याला ऐकूच गेलं नसेल. मी कान देऊन त्या मागून येणाऱ्या ‘ऐक’ची वाट पाहिली. ते आलं नाही.

त्यानंतर लगेच अर्पण असतं. म्हणजे त्याला उठावंच लागलं. तो पेंढी घेऊन मधल्या वाटेने गेला, सगळ्यांच्या नजरांमधून, आणि चालताना लोंब्यांतले दाणे फरशीवर पडत होते, कारण त्याने पेंढी फार आवळून धरली होती. वेदीसमोर ठेवली, गुडघा टेकला, वळला आणि आमच्या बाकाकडे आलाच नाही. पलीकडच्या रांगेत शेवटच्या बाकावर जाऊन बसला. त्याच्या जागी माझ्या शेजारी पेंढ्याचं थोडं कुसळ पडलेलं होतं. मिस्सा संपेपर्यंत मी तेच बघत होते.

बाहेर आल्यावर मी रोझीमावशीला गाठलं. शब्द दिला होतास, एवढंच म्हणू शकले. तिला आधी माझ्या रागाचं कारणच कळेना. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, ती फक्त देवाशी बोलली होती. मग नाव कशाला घातलंस, असं मी विचारलं.

“नाव नाय घातलं तर देवाला कसं कळेल गो, कुठली लीना?” ती म्हणाली. “आख्ख्या गावानं तुझ्यासाठी मागितलं, बाय. एकटीनं किती मागशील तू?”

ती हे अगदी मनापासून बोलत होती आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही. दुष्ट माणसाने दगा दिला तर निदान त्याला शिव्या घालता येतात. मी तिला सांगितलं की आजपासून तू माझी कुणी नाहीस.

त्या दिवशी घरी खीर झाली, पण दाणे सोलायला कुणी बसलं नाही. लोंब्या खुंटीवर तशाच राहिल्या. पपाने अबोला धरला. तो चिडला नाही, ओरडला नाही. त्याला मठाचं दुःख कमी होतं असं मला आज वाटतं. मी आठ दिवस त्याच्या ताटासमोर बसून खोटं बोलले, आणि जे त्याला माहीत नव्हतं ते पलंगाखाली पेटी ठेवणाऱ्या बाईला माहीत होतं, हे त्याला लागलं. म्हणजे त्या हंगामात दगा देणारे दोन नव्हते, तीन होते. तिसरी मी. हे मान्य करायला मला फार वर्षं लागली आणि अजूनही ते मी भरभर लिहून पुढे जाते आहे.

नोव्हेंबरात मी बोरीवलीत आले. बाभईत एक खोली मिळाली, रक्त तपासायच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागले, पुढे शिकून तिथेच टिकले. आज मी लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधते. अर्धी माणसं माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत हात पुढे करतात. मला ते सोयीचं पडतं.

देवळात जाणं मी सोडलं. रविवारी सकाळी बादलीत कपडे भिजवायचे आणि त्यावर राग काढायचा. आई दर रविवारी मिस्सानंतर फोन करायची. तिसऱ्या का चौथ्या रविवारी ती हळूच म्हणाली की आज पुन्हा तुझी चिठ्ठी वाचली. नाव नव्हतं, फक्त घरी परतलेल्या एका लेकीसाठी, तिला तिची वाट सापडावी म्हणून. पुढच्या रविवारी तीच. त्याच्या पुढच्या रविवारीही तीच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईने विषय बदलायला म्हणून पपाची तक्रार केली, हा माणूस हल्ली देवळातही कानावर पेन्सिल लावून येतो, चारचौघांत लाज आणतो. मी ते कानाआड केलं.

एकदा जेट्टीवर रोझीमावशी समोर आली. मी तिला म्हटलं, बस कर आता, नाव गाळलंस म्हणून मला कळत नाही असं समजू नकोस. तिने खाली माझ्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाली, “बरं, बाय.” चिठ्ठी मात्र पुढच्या पावसापर्यंत दर रविवारी येतच राहिली.

आता जे सांगणार आहे ते मी कुणाजवळ कबूल केलेलं नाही. त्या खोलीतला तो हिवाळा वाईट होता. नोकरी धड नाही, मैत्रीण नाही, देवाशी भांडण. अंथरुणातून उठायचं कशासाठी, असं सकाळी वाटायचं. पण रविवारी साडेआठ वाजले की मला आठवायचं, आता प्रवचन संपलं असेल. आता चिठ्ठ्या. आता या मिनिटाला खाडीच्या पलीकडे, ज्यांची नावं मला पाठ आहेत, ज्यांनी माझ्या पाठीमागे नाही नाही ते बोलून घेतलं, ती सगळी माणसं माझ्यासाठी ‘ऐक’ म्हणताहेत. मला भयंकर चीड यायची. आणि त्या चिडीत मी उठायचे, आंघोळ करायचे, चहा टाकायचे. कुणी तरी आपलं नाव न घेता आपल्यासाठी मागतं आहे, हे माणसाला बसू देत नाही. श्रद्धा माझ्याकडे त्या वर्षी उरली नव्हती. दुसऱ्यांच्या श्रद्धेवर दिवस काढले, असंच म्हणावं लागेल.

नाताळात पपा आला. न सांगता, खांद्यावर एक फळी घेऊन. भिंतीवर फडताळ ठोकलं, पेन्सिलीने खुणा केल्या, आणि जाताना ते सरळ बसलंय का विचारलं. सरळ आहे, म्हटलं. तिथून आमचं बोलणं सुरू झालं. त्या रविवारबद्दल मात्र आम्ही आजतागायत एक शब्द काढला नाही.

यंदा लोंब्यांची पिशवी घेऊन मी शनिवारी फेरीबोटीतून उतरले. आईने सांगून ठेवलं होतं की रोझीमावशी अंथरुणाला खिळली आहे, सारखी तुझं नाव काढते. जायचं नाही, असं ठरवून मी तिच्या दारावरून पुढे गेले. पंधरा पावलं गेले असेन. मग परत फिरले. का, ते सांगता येणार नाही. पिशवी जड होती, असं समजा.

पलंगावर ती अगदीच लहान झाली होती. खाली वाकून पाहिलं तर माझी पेटी अजून तिथेच. इतक्या वर्षांत मी ती न्यायलाही आले नव्हते. वरची धूळ पुसलेली होती. मी पिशवीतून एक जुडी काढून तिच्या उशाशी ठेवली. ती लोंबीवरून बोट फिरवत राहिली आणि मग, जणू मधली वर्षं झालीच नाहीत अशा सुरात, बोलली.

“पहिली चिठ्ठी माझी व्हती. बाकीच्या माझ्या नाय.”

मला काहीच समजलं नाही. मग कुणाच्या, असं मी विचारलं.

“जाड पेन्सिलीनं लिहिलेल्या व्हत्या,” ती म्हणाली. “डबा मीच उघडायची ना. मी त्याला विचारलं तर म्हणाला, लीनाला सांगू नको. एक बोलून बसले व्हते, बाय. दुसरी नाय बोलायची असा कानाला खडा लावला.”

जेट्टीवरचं तिचं ते ‘बरं, बाय’ मला आठवत होतं. माझ्या सगळ्या शिव्या तिने खाली मान घालून घेतल्या होत्या, पपाचं गुपित राखायला. जी बाई माझी गोष्ट आठ दिवस पोटात ठेवू शकली नाही, तिने त्याची अकरा वर्षं ठेवली. आणि शेवटी तीही सांगूनच टाकली, म्हणजे स्वभावाला औषध नाहीच. मला हसू आलं, आणि हसताना रडूही आलं. तिला मी माफ केलं का? ते मला माहीत नाही. तो रविवार काही पुसला जात नाही. आणि पपाचाही राग आला, चांगलाच आला. देवाला दर आठवड्याला लिहीत होतास, मला एकदा लिहिलं असतंस तर? एका म्हातारीवर मला इतकी वर्षं रागवू दिलंस?

हे सगळं बोलायचं ठरवूनच घरी गेले. पपाने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि ओट्यावर बसून लोंब्या नीट लावू लागला, बाजारातल्या लोंब्या, त्यातल्या वाकड्या बाजूला काढत. जवळ दोऱ्याचं रीळ होतं. लाल. मी समोर बसले आणि हात पुढे केला.

“पपा, तुझी पेन्सिल दे.”

त्याने कानावरून काढली. देता देता थांबला. माझ्याकडे बघितलं, मग रोझीमावशीच्या घराच्या दिशेने बघितलं. त्याचे कान लाल झाले. काय लिहायचंय, असं त्याने विचारलं नाही. पेन्सिल माझ्या हातात दिली आणि लोंब्यांवर वाकला.

आज सकाळी देवळात मी बाकावर त्याच्या शेजारी बसले. गर्दी पूर्वीएवढी नव्हती. चिठ्ठ्या वाचणारी मुलगी माझ्याच चिठ्ठीवर जरा अडखळली. पेन्सिल जाड असली की अक्षर फिसकटतं. मग तिने नीट वाचलं, नावासकट, घरासकट, जेट्टीजवळच्या पहिल्या घरातल्या रोझीसाठी, म्हणजे कुठली रोझी असा घोळ व्हायला नको. सगळं देऊळ म्हणालं, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. त्याच्या मागून, अर्ध्या श्वासाने, पपाचं आलं.

आणि पपाच्याही मागून, माझं.